सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या छोट्या गाड्याच सगळ्यात आधी का दिसेनाशा झाल्या?

अर्धीकाच

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज धागा काढतोच.

ज्या गाड्या एकेकाळी गल्लोगल्ली उभ्या असायच्या, त्याच आता शोधूनही सापडत नाहीत. जुनी मर्सिडीज किंवा इम्पाला कुणीतरी कव्हर घालून जपलेली असते, वर्षातून एकदा रॅलीत मिरवते. पण मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी मालकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या काळात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातली अगदी पहिल्या पिढीची, म्हणजे १९८६च्या बदलाआधीची ८०० शेवटची कधी पाहिलीत, आठवतंय का कुणाला?

छोटी गाडी राबायला घेतली जाते, हेच याचं कारण असावं. थोरल्याकडून धाकट्याकडे, मग ओळखीतल्या कुणाला, मग ड्रायव्हिंग स्कूलला, आणि प्रत्येक हातात देखभाल आधीपेक्षा थोडी कमी. एक दिवस दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या वर जातो आणि गाडी भंगारात निघते. तेव्हा कुणाला फारसं वाईटही वाटत नाही, कारण तशाच आणखी शेकडो रस्त्यावर फिरत असतात. असं करता करता सगळ्याच जातात.

माझ्या यादीत पहिली फियाट ५००. आताची नव्हे, १९५७ची मूळ गाडी. दान्ते जिआकोसा यांनी आखलेली, लांबी तीन मीटरच्याही आत. मागच्या बाजूला ४७९ सीसीचं, दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. सुरुवातीच्या गाडीची ताकद अवघी १३ हॉर्सपॉवर. एका संग्राहकाने मोठ्या मनाने मला ती चालवू दिली. चावी फिरवून गाडी सुरू होत नाही, चावीने फक्त लाल दिवा लागतो. गिअरच्या दांड्यामागे, दोन सीटांच्या मधे खाली, दोन छोट्या लिव्हर असतात. एक चोकची, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी, एक स्टार्टरची. स्टार्टरची लिव्हर वर ओढली की ती ओढ केबलमधून थेट मागे पोचते आणि इंजिन फटफटायला लागतं. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दात्यांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून ॲक्सिलरेटर जरासा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर. कानाने इंजिनाचा वेग ओळखता आला की गिअर अलगद पडतो, खरखर अजिबात होत नाही. त्या एका अलगद पडलेल्या गिअरचा आनंद मला नंतर कुठल्याही मोठ्या गाडीने दिलेला नाही.

तुमच्या यादीतल्या गाड्या सांगा. कुठल्याही देशातल्या चालतील. गाडी छोटी हवी, साध्या माणसासाठी बनलेली हवी आणि आता दुर्मीळ झालेली हवी.

गॅरेजकाका

धागा वाचून राहवलं नाही. माझं निम्मं आयुष्य ८००च्या बोनेटखाली गेलंय.

७९६ सीसी, तीन सिलिंडर. कार्ब्युरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडीला थंडीच्या सकाळी चोकचं बटण पूर्ण ओढायचं, ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता चावी मारायची. इंजिन एकदम चढ्या आवाजात उचलायचं. जरा वेळाने बटण अर्ध्यावर, गाडी तापली की पूर्ण आत. काही लोक ते बटण तसंच बाहेर ठेवून दिवसभर फिरायचे आणि ॲव्हरेज मिळत नाही म्हणून माझ्याकडे यायचे. प्लग काढले की काजळीने काळेकुट्ट. त्यांना पहिला प्रश्न मी चोकचाच विचारायचो.

बोनेट उघडलं की इंजिनाच्या कडेने खालची जमीन दिसायची, इतकी मोकळी जागा. प्लग, डिस्ट्रिब्युटर, फॅन बेल्ट, कार्ब्युरेटर, जिकडे हात घालायचा तिकडे हात पोचायचा. आताच्या काही गाड्यांत दिव्याचा बल्ब बदलायलाही बंपर सोडवावा लागतो.

आणि अर्धीकाच, या गाड्या इंजिनाने गेल्या नाहीत, पत्र्याने गेल्या. इंजिन पुन्हा बांधता येतं. पण बॅटरीच्या ट्रेखाली ॲसिडने पत्रा खाल्लेला, दाराखालची पट्टी आतून पोकळ झालेली, मागच्या चाकाच्या कमानीत रंगाला फुगवटा. आतलं मॅटिंग उचललं की ओल, आणि ओलीखाली भोक. रंगाखाली गंज किती लांब पळालाय ते स्क्रूड्रायव्हर टोचल्याशिवाय कळत नाही. मालकाच्या डोळ्यांसमोर टोचून दाखवलं की त्याचा चेहरा उतरायचा, आणि गाडीचा निर्णय तिथेच व्हायचा.

इंजिनपुराण

काका, फार छान लिहिलंत. बोनेटखालच्या त्या मोकळ्या जागेमागची गोष्ट सांगतो.

गाडी छोटी करणं सोपं आहे. गाडी छोटी करून आत चार माणसं नीट बसवणं अवघड. १९५६च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस यांना खऱ्या अर्थाने छोटी गाडी बनवायला सांगितलं. ऑगस्ट १९५९ मध्ये मिनी आली. लांबी साधारण ३.०५ मीटर, आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग माणसं आणि सामानाला. त्यासाठी त्यांनी इंजिन आडवं वळवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली तेलाच्या तबकातच घातला, चाकं अवघी १० इंचांची घेतली. पोलादी स्प्रिंगऐवजी ॲलेक्स मोल्टन यांचे रबराचे शंकू. काचा खाली जाणाऱ्या न ठेवता सरकत्या ठेवल्या, त्यामुळे दार आतून पोकळ राहिलं आणि तिथे मोठे कप्पे झाले. अशा एकेका निर्णयातून थोडी थोडी जागा निघाली.

पण इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच तेल ही त्यातली कच्ची बाजू. गिअरच्या दात्यांची झीज आणि इंजिनातली काजळी एकाच तेलात फिरते, म्हणून तेल वेळेवर बदलणं फार महत्त्वाचं. यावर उत्तर काढलं ते अर्धीकाच यांच्या लाडक्या जिआकोसांनीच. १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या एका टोकाला जोडला आणि चाकं फिरवणारे दोन्ही बाजूंचे दांडे (ड्राइव्ह शाफ्ट) लांबीला कमीजास्त ठेवले. मग १९६९च्या फियाट १२८ मध्ये तीच मांडणी मोठ्या प्रमाणावर आली. आज जगभरातल्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या (फ्रंट व्हील ड्राइव्ह) बहुतेक गाड्या अशाच मांडलेल्या असतात, ८०० सुद्धा. प्रिमुला मात्र नावानेही कुणाला आठवत नाही. तिचं डोकं आजच्या प्रत्येक छोट्या गाडीत चालतंय, आणि ती स्वतः कुठेच दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागचीसीट

तुमच्याइतकं तांत्रिक मला येत नाही, पण आत्याच्या मारुती झेनबद्दल लिहायलाच हवं.

आमच्या घरात गाडी चालवणारी पहिली बाई म्हणजे आत्या. तिने कार्ब्युरेटरवाली, गोलसर, जमिनीला चिकटून चालणारी झेन घेतली. स्टिअरिंगला पॉवर नव्हती. गाडी उभी असताना चाक वळवायला दोन्ही हातांचा जोर लागायचा. तिने आम्हा भाच्यांना एक युक्ती शिकवली होती, चाक जागेवर कधी वळवायचं नाही, गाडी बोटभर तरी सरकू द्यायची आणि मग वळवायचं. आजही मी पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत नकळत तेच करते.

मागच्या सीटवर आम्ही तिघं बसलो की गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकायचे. खिडकी खाली घ्यायला हँडल. ते फिरवताना दाराच्या आतल्या बाजूला गाडीच्याच रंगाचा उघडा पत्रा दिसायचा, उन्हात चांगला तापायचा. पण आत्या त्या गाडीत बसली की तिचा आवाजच बदलायचा. कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. छोटी गाडी होती म्हणून तिला ती झेपेल असं सगळ्यांना वाटलं, आणि म्हणून तिच्या हाती चावी आली. मोठी गाडी असती तर ती बहुधा काकांच्याच नावावर राहिली असती.

सीटबेल्ट

सगळं वाचतोय, आवडतंयही. पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

या गाड्यांना हलकं आणि स्वस्त ठेवणाऱ्या बऱ्याच गोष्टी अपघातात माणसाच्या विरोधात जातात. गुडघ्यांपासून बंपरपर्यंत अंतरच नसतं. १९९७ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने पहिल्यांदा गाड्या आपटून निकाल जाहीर केले, त्यात रोव्हर १०० ला एकच तारा मिळाला. मूळ रचना १९८०च्या ऑस्टिन मेट्रोची होती. त्याच वर्षी तिचं उत्पादन संपलं. जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे ८०० थांबली त्याच महिन्यात, ग्लोबल एनकॅपने भारतात लोकप्रिय असलेल्या पाच छोट्या गाड्यांचे निकाल दिले. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे.

ब्राझीलमध्ये फियाट उनो जुन्या रूपात, मिले नावाने, २०१३च्या अखेरपर्यंत बनत होती. १ जानेवारी २०१४ पासून तिथे प्रत्येक नव्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि मिले संपली. मला हा नियम योग्य वाटतो. माझ्या जवळच्या माणसाला एका छोट्या गाडीच्या अपघातात पायाची मोठी दुखापत झाली, तेव्हापासून मी या गाड्यांकडे हळवेपणाने बघूच शकत नाही. ज्यांना त्या आवडतात त्यांनी जरूर जपाव्यात, पण रोज मुलांना घेऊन फिरायला त्या नकोत.

अर्धीकाच

सीटबेल्ट, तुमच्या माणसाबद्दल वाचून वाईट वाटलं. आणि मुद्दा पूर्ण मान्य. रोजच्या वापराला जुनी गाडी घ्या असं मी कुणालाच सुचवणार नाही.

पण सुरक्षित करायची म्हणजे मोठीच करायला हवी, हे मला पटत नाही. जपानच्या केई गाड्या, म्हणजे नियमाने आकार आणि इंजिन मर्यादित ठेवलेल्या छोट्या गाड्या, बघा. तिथे इंजिनाची मर्यादा आधी ३६० सीसी होती, १९७६ मध्ये ५५०, १९९० मध्ये ६६० झाली. १९९८ मध्ये टकरीच्या कडक नियमांसाठी लांबी-रुंदी थोडी वाढवून ३.४ आणि १.४८ मीटर केली. सुरक्षेसाठी आकार वाढवला, पण मर्यादा ठेवून. आजही होंडा एन-बॉक्स ही केई गाडी तिथे वर्षानुवर्षे खपात पहिल्या ओळीत आहे. कर आणि पार्किंगच्या नियमांत छोट्या गाडीला सवलत असली की छोटी गाडी जगते.

युरोपात उलटं झालं. कार्बन उत्सर्जनाची मर्यादा अनेक वर्षे गाड्यांच्या वजनाशी जोडलेली होती. जड गाड्या बनवणाऱ्या कंपनीला जास्त मोकळीक, हलक्या बनवणाऱ्याला कमी. शिवाय धूर शुद्ध करणारी यंत्रणा, सेन्सर, एअरबॅग यांचा खर्च छोट्या गाडीला काही निम्मा येत नाही. मोठ्या गाडीत तो खपून जातो, छोट्या गाडीत सगळा नफा खातो. १९७६ पासून चालत आलेली फोर्ड फिएस्टा जुलै २०२३ मध्ये बंद झाली, त्याच वर्षी फोक्सवॅगनची अप सुद्धा. या गाड्यांना गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. त्या बनवणं परवडेनासं झालं. माझा राग त्यावर आहे.

दुपारपाळी

सिट्रोएन टूसीव्ही अजून कुणीच कशी आणली नाही?

१९४८ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा दाखवली, १९९० पर्यंत बनली. कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बूलांजे यांनी आराखडा करणाऱ्यांना सांगितलेलं असं की, दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ती ताशी ६० किलोमीटरने जावी, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटू नये. सुरुवातीला इंजिन ३७५ सीसीचं, ताकद ९ हॉर्सपॉवर. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक सस्पेन्शनने एकमेकांशी जोडलेलं, त्यामुळे पुढचं चाक खड्ड्यात गेलं तरी गाडी सपाट राहायची. पहिल्या गाड्यांचे वायपर स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचे. गाडी हळू तर वायपर हळू, थांबली तर हाताने फिरवा.

ट्राबांटबद्दलही थोडं. पूर्व जर्मनीत झ्विकाऊला बनायची. पत्र्याची टंचाई, म्हणून बाहेरचे भाग कापसाचा धागा आणि रेझिन दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टचे. काका, तुमचा गंजाचा प्रश्न तिथे निम्मा सुटलेला, पण खालचा सांगाडा पोलादीच, तो गंजायचाच. पेट्रोलची टाकी बोनेटखाली, इंजिनापेक्षा उंच, म्हणून पंपाची गरजच नाही. काटा नव्हता, किती उरलंय ते पट्टी बुडवून बघायचं. ही गाडी मिळायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबायचे. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि त्याच गाड्या लोकांनी रस्त्याकडेला सोडून दिल्या. १९९१ मध्ये उत्पादन संपलं. आता तिचे क्लब आहेत, मेळावे भरतात. अर्धीकाच म्हणतात तो गल्लोगल्ली दिसण्यापासून दुर्मीळ होण्यापर्यंतचा प्रवास या गाडीने इतर गाड्यांपेक्षा कितीतरी वेगाने केला.

इंजिनपुराण

वा, दुपारपाळी. त्यात रेनॉ ४ ची भर घालतो. १९६१ची. मागच्या चाकांचे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) गाडीत आडवे आणि एकामागे एक बसवलेले, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर डाव्या बाजूला वेगळं आणि उजव्या बाजूला वेगळं आहे, काही सेंटीमीटरचा फरक. कारखान्यातूनच तशी निघायची आणि सरळ चालायची. ऐंशी लाखांहून जास्त बनल्या.

टूसीव्ही, रेनॉ ४ आणि आपली नॅनो, तिघींच्या चाकाला तीनच बोल्ट. नॅनोला लोक फार नावं ठेवतात. मला ती टूसीव्हीच्या घरातली वाटते. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, वायपर एकच, आणि आत उंच माणूस आरामात बसेल इतकी जागा. २००८ मध्ये दाखवली, २०१८ मध्ये थांबली. ती स्वस्त म्हणून गाजवली गेली आणि तेच तिला नडलं, असं माझं मत. टूसीव्हीला तिच्या लोकांनी शहाणपणाची गाडी मानलं. नॅनोला तो मान कुणी दिला नाही, आणि तिच्यात तेवढंच डोकं ओतलेलं होतं.

१९८०ची फियाट पांडा पण बघा कधी. जिउजारोंची. सगळ्या काचा सपाट. सपाट काच बनवायला स्वस्त, आणि दुर्गम भागात फुटली तर कुठलाही काचवाला कापून देऊ शकतो.

मागचीसीट

या सगळ्यात माझा खरा प्रश्न राहूनच गेला. आत्याची ती झेन अजून आहे. आत्या गेली त्याला काही वर्षं झाली, गाडी शेडमध्ये उभी आहे. भंगारवाले दोनदा विचारून गेले. मला ती चालू करायची आहे. बॅटरी बदलून चावी मारून बघू का? काका, तुम्ही सांगाल तसं करते.

गॅरेजकाका

चावी अजिबात मारू नका ताई. घाई केली तर चांगलं इंजिन हकनाक खराब होईल.

आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढा. इतक्या वर्षांत त्याचा चिकट राळ होतो, वास व्हार्निशसारखा येतो. ते कार्ब्युरेटरमध्ये गेलं की जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रं, बंद. टाकी उतरवूनच साफ करा आणि रबरी पेट्रोल पाइप सगळे नवे टाका, जुन्यांना चिरा गेलेल्या असतात आणि आग तिथूनच लागते. मग चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूहळू फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. मोकळं फिरलं तर इंजिन वाचलं समजा. ते ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन मुळात फार गुणी आहे. टायमिंग बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदला, पट्टा वयानेही जातो. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल नवं. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर बहुतेक जाम झालेले असतील. टायरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी बाजूवर चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

इंजिनाचे भाग अजून मिळतात. मिळत नाहीत ते दिवे, काचांची रबरं, दारांची हँडलं, डॅशबोर्डचे तुकडे. म्हणून भंगारात तशीच झेन दिसली तर हे भाग आधी उतरवून घ्या, लागोत न लागोत.

आणि सगळ्यात आधी मॅटिंग उचला. पुढच्या दोन्ही सीटांखालचा पत्रा आणि बॅटरीच्या ट्रेखालचा, उजेडात नीट फोटो काढून इथे टाका. पत्रा बघितल्याशिवाय कुणालाही एक रुपयाही देऊ नका.

सीटबेल्ट

मागचीसीट, गाडी चालू झाली की पहिल्यांदा बेल्ट बघा. पट्टा झटक्याने ओढल्यावर अडकला पाहिजे आणि शिवण कुठे उसवलेली नसली पाहिजे. बदलायची वेळ आली तर मला सांगा, बसवून देणारा चांगला माणूस माझ्या ओळखीत आहे.

मागचीसीट

दोघांचेही आभार. रविवारी भावाला घेऊन शेडवर जाते. मॅटिंग उचलून फोटो टाकते.